काळजाचं गेज

माझी सगळी नोकरी कालव्यावर झाली. पाटकरी म्हणून लागलो, मोजणीदार झालो आणि कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झालो. नीरा डावा कालवा इंग्रजांनी १८८५ च्या सुमारास काढला. लांबी दीडशे किलोमीटरच्या घरात. तोंड तिकडे वीरजवळ, बारामती त्याच्या पोटावर आणि शेपूट आमच्या इंदापूर तालुक्यात. या शेपटाला आम्ही सगळे 'टेल' म्हणतो.

टेलचा शेतकरी फार संशयी. वरून पाणी सुटलंय हे त्याला पेपरात वाचून पटत नाही, फोनवर ऐकून पटत नाही. चारीत हात घातला आणि बाहेर काढल्यावर तो ओला निघाला, की मग पटतं. तो हातात सात नंबरचा अर्ज घेऊन टेबलासमोर उभा राहायचा. "साहेब, पाणी कधी?" मी मान वर न करता सांगायचो, "सुटलंय. येतंय. धीर धरा." तीस-बत्तीस वर्षं हे वाक्य वापरलं. पण त्यातला धीर म्हणजे नेमकी काय वस्तू, ती धरायची कशी आणि कुठल्या हाताने, याचा विचार कधी केला नव्हता.

गेल्या फाल्गुनात तो करावा लागला.

मंगळवारी रात्री अडीचला जाग आली. डाव्या कुशीवर होतो. कान उशीवर, आणि कानात स्वतःचंच काळीज. धडधड, धडधड, धड... आणि पुढे काही नाही. मोटार चालता चालता लाईट गेल्यावर रानात जशी एकदम शांतता पसरते, तशी. तेवढ्या वेळात मी उसाचं बिल, नातवाची दहावी आणि विम्याची पॉलिसी कुठल्या कप्प्यात आहे, एवढं आठवून घेतलं. मग ठोका आला. तो मात्र असा, की कुणी आतून दाराला धडक द्यावी.

मी उठून बसलो. हिला जाग आली.

"काय झालं?"

"ठोका चुकला."

"कुणाचा?" असं विचारून ही कुशीवर वळली.

तिचा तरी काय दोष? हा वाक्प्रचार आपण फार उधळलाय. समोरून एसटी सुटली, काळजाचा ठोका चुकला. उसाच्या फडाशेजारी बिबट्याचे पंजे उमटलेले दिसले, ठोका चुकला. वाण्याने तेलाच्या डब्याचा भाव सांगितला, ठोका चुकला. त्यात काळीज म्हणजे हृदय नव्हेच. खाटकाकडे जाऊन काळीज मागा, तो यकृत तोलून देतो. म्हणजे मराठी माणूस पिढ्यान्‌पिढ्या यकृताचे ठोके चुकवत आलाय. मीही साठ वर्षं हे वाक्य फुकट वापरलं. आता त्याची पाणीपट्टी थकबाकीसकट वसूल होत होती.

सकाळी गावातल्या आमच्या डॉक्टरांकडे गेलो. नळी छातीला लावून ते बराच वेळ ऐकत राहिले. एक ठोका चुकेल तर शपथ! मला हे नवीन नव्हतं. मोठ्या साहेबांची जीप येणार असली, की त्या दिवशी माझ्या हद्दीतली गळकी चारीसुद्धा काठोकाठ वाहायची. मग पट्टी काढली, म्हणजे ईसीजी. ती दहा सेकंदांची. माणसाच्या हृदयाचे दिवसाला लाखभर ठोके पडतात, त्यातले दहा-बारा यांनी कागदावर धरले आणि म्हणाले, "छान आहे." मी म्हटलं, "डॉक्टर, सबंध आवर्तनाचा हिशोब एका बादलीवरून?"

ते हसले आणि त्यांनी समजावून सांगितलं. हृदयाची वीज हृदयातच तयार होते. उजव्या बाजूला वरच्या कप्प्यात एक जागा आहे, तिथून प्रत्येक ठोक्याचा हुकूम सुटतो. कधी कधी भलत्याच जागेवरून एखादा ठोका वेळेआधी सुटतो. त्याला एक्टोपिक म्हणतात. तो हलका असतो, बऱ्याचदा जाणवतही नाही. त्याच्यानंतर हृदय जरा जास्त थांबतं, तेवढ्यात रक्त जास्त भरतं, म्हणून पुढचा ठोका दणकून लागतो. "तुम्हाला वाटतं ठोका चुकला. खरं तर एक जास्तीचा घुसलेला असतो."

मला लख्ख समजलं. म्हणजे मध्यरात्री कुणीतरी आपला नंबर नसताना दारं उचललं. थोडं पाणी आधीच निघून गेलं, खालची चारी कोरडी पडली, मागे पाणी तुंबलं, आणि पुढच्या पाळीला एकदम लोंढा. असली माणसं मी आयुष्यभर बॅटरी घेऊन रात्री-अपरात्री पकडली. ती आता माझ्याच छातीत राहायला आली होती.

"धडधाकट माणसालाही हे होतं. बहुतेक वेळा काही बिघडत नाही," डॉक्टर म्हणाले. "पण तुमचं वय बासष्ट. एकदा बारामतीला हृदयाच्या डॉक्टरांना दाखवा. ठोके सतत वेडेवाकडे पडत असतील तर ती वेगळी गोष्ट, त्यात रक्ताची गुठळी होण्याची भीती असते. ते नाही ना, एवढं बघून घेऊ." मग बोटं मोजत त्यांनी बजावलं, की छातीत दुखलं किंवा दाबल्यासारखं झालं, चक्कर आली, शुद्ध गेली, दम लागला किंवा धडधड सुरू होऊन थांबेचना, तर कुणाचीही वाट बघायची नाही. सरळ १०८ ला फोन.

यातलं मला काहीच होत नव्हतं. होत होतं ते एवढंच, की 'बहुतेक वेळा' हा शब्द घशात अडकला होता. हा शब्द हवामान खात्याच्या अंदाजात असतो, आणि त्यावर आमच्याकडे कुणी पेरणी करत नाही.

बारामतीला जे डॉक्टर सांगितले ते पुण्याहून दर गुरुवारी येतात. फोन लावला. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "उद्याचे नंबर भरलेत काका. पुढच्या गुरुवारी या."

"आठ दिवस?"

"काही होत नाही काका. धीर धरा."

मला तिचा आवाज ओळखीचा वाटला. तीस वर्षं तो माझाच होता.

घरी येऊन ट्रंकेतून जुनं गेज रजिस्टर काढलं. कालव्यात पाण्याची उंची मोजायला आकड्यांची पट्टी बसवलेली असते, तिला गेज म्हणतात. सकाळ-संध्याकाळ ते वाचायचं आणि रजिस्टरला चढवायचं. मागची पानं कोरी होती. रकाने आखले: तारीख, वेळ, मिनिटाला ठोके, चुकलेले, शेरा. घरात पेन एकच, दोरीने कालनिर्णयाला बांधलेलं. त्याने ही रोज चौकटीत दुधाचा हिशोब लिहिते. "दोरी सोडा, पण पेन जागेवर ठेवा," एवढ्या अटीवर ते मिळालं. पुढे आठ दिवस ते सकाळी कधीच जागेवर नसायचं. मी समजलो, मीच रात्री कुठेतरी ठेवतोय. काळजीत माणूस विसराळू होतो.

पहिल्या दिवशी अंगठ्याने नाडी मोजली. अंगठ्याला स्वतःची नाडी असते, हे तेव्हा माहीत नव्हतं. दोन्हींचे ठोके मिळून जो आकडा आला, तो पाहून मी रजिस्टरच्या पहिल्या पानावर वारसाचं नाव लिहायला घेतलं. दुसऱ्या दिवशी अंगठ्याच्या मुळाशी तीन बोटं ठेवायला शिकलो. मग नवीनच शोध लागला. श्वास आत घेतला की ठोके भरभर, सोडला की सावकाश. हा मोठाच बिघाड म्हणून मी दोन पानं भरून काढली. बऱ्याच जणांचं असंच चालतं, हे डॉक्टरांना फोन केल्यावर कळलं. ती दोन पानं आडवी रेघ मारून 'रद्द' केली आणि खाली सही ठोकली. सरकारी नोकरीची सवय जात नाही.

शेऱ्याच्या रकान्यात मात्र मी हयगय केली नाही. 'पहाटे ४.२०, एक चुकला, कारण: बोअरच्या मोटारीचा आवाज.' 'दुपारी १, दोन चुकले, कारण: वीजबिल.' 'संध्याकाळी ७, एकही नाही, कारण समजत नाही.' या शेवटच्या शेऱ्याने मी जितका घाबरलो तितका आधीच्या दोन्हींनी नाही.

बातमी फुटली आणि घरी माणसं यायला लागली. आमच्या पट्ट्यात हृदयविकार हा आजारच नाही. आहे तो गॅस. डोकं दुखतं? गॅस. पाठ भरली? गॅस. मांडीत गोळा आला? गॅसच तो, खाली उतरला. शेजारचे तात्या ओवा आणि काळं मीठ पुडीत बांधून घेऊन आले. चहाच्या पहिल्या घोटाला म्हणाले, "गॅस, दुसरं काही नाही." आणि दुसऱ्या घोटाला, "आपल्या वरच्या आळीतला तो, गॅस गॅस म्हणत झोपला, सकाळी उठलाच नाही." चहा संपेपर्यंत त्यांनी अशी चार माणसं पोचवली. जाताना म्हणाले, "मनाला लावून घेऊ नका."

निमगाव केतकीच्या साडूंचा पानमळा आहे. ते पानांची कवळी घेऊन आले, जेवणानंतर एक, चुना बेताचा. थोरल्या वहिनींनी अर्जुनाची साल पाठवली. एक जण नाडी बघणारे निघाले. त्यांनी डोळे मिटून मनगट धरलं. वाताची नाडी सापासारखी नाहीतर जळवेसारखी चालते, पित्ताची बेडकासारखी उड्या मारते, कफाची हंसासारखी डुलत जाते, असं जुन्या ग्रंथांत दिलेलं आहे. पाच मिनिटांनी त्यांनी डोळे उघडले. "यातली कुठलीच नाही. चालता चालता मधेच एका पायावर उभी राहते." ही आतून म्हणाली, "म्हणजे भिगवणचा रोहित पक्षी."

मेहुणे वालचंदनगरच्या कंपनीतून निवृत्त झालेले. तिथे इस्रोच्या रॉकेटचे भाग तयार होतात, त्यामुळे ते घरच्या मिक्सरकडेही त्याच नजरेने बघतात. त्यांनी पाठीवर तळहात ठेवला, मान तिरकी केली आणि सांगितलं, "बेअरिंगचा आवाज नाही. फाउंडेशन बोल्ट ढिला असेल."

सगळ्यात लांब उपचार बारामतीच्या मास्तरांनी केला, तोही फोनवर. मास्तर मराठीचे, मोरोपंतांचे भक्त. मोरोपंत १७२९ साली पन्हाळ्याला जन्मले, पण कऱ्हेकाठी बारामतीत स्थायिक झाले आणि १७९४ मध्ये तिथेच वारले, म्हणून मास्तर त्यांना शेजारी समजतात. "पंतांनी एकशे आठ रामायणं रचली," मास्तर म्हणाले, "त्यातलं एक निरोष्ठ. म्हणजे म्हणताना ओठाला ओठ लागत नाही. का, तर त्यात प-वर्गातलं अक्षरच नाही. इतका हिशोबी माणूस! तुझ्या ठोक्यावर पंतांची गीती म्हण. बारा मात्रा, अठरा मात्रा, परत बारा, परत अठरा. कुठली मात्रा पडते ते आपोआप कळेल."

मी म्हणून बघितली. बारा बरोबर आल्या. अठराच्या चरणात चौदाव्या मात्रेला ठोका घसरला. मास्तरांना कळवलं. ते म्हणाले, "मग तुझी मात्रा चुकली, पंतांची चुकणार नाही." आणि फोन ठेवता ठेवता, "आणि बघ, सरकारनेसुद्धा ॲम्ब्युलन्सचा नंबर एकशे आठच ठेवलाय."

शुक्रवारी मुलगा हिंजवडीहून घड्याळ घेऊन आला, मनगटावर बांधलं की ठोके मोजणारं. शनिवारी हिच्याशी रजिस्टरवरून जरा वाजलं. ही म्हणाली, कालव्यावर असताना एवढ्या नोंदी ठेवल्या असत्या तर बढती मिळाली असती. मी काही बोलायच्या आत घड्याळ थरथरलं आणि त्याने विचारलं, व्यायाम सुरू केलात का? लग्नाला अडतीस वर्षं झाली, हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता.

मुलानेच सांगितलं, की बारामतीला बहुधा होल्टर लावतील. छातीला तारा चिकटवून कमरेला छोटं यंत्र, चोवीस तास सगळे ठोके त्यात साठतात. नॉर्मन होल्टर नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने ते काढलं. सुरुवातीचं यंत्र पाठीवर बांधायचं आणि त्याचं वजन अडतीस किलोच्या आसपास. साखरेचं पोतं पन्नास किलोचं. म्हणजे पाऊण पोतं पाठीवर घेऊन माणूस हिंडणार, आणि मग डॉक्टर म्हणणार, धडधड होतेय. त्याच्याही आधी नेदरलँडमध्ये आइन्थोव्हेन यांचं ईसीजीचं यंत्र पावणेतीनशे किलोच्या घरातलं, चालवायला पाच माणसं, आणि रोग्याने हातपाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसायचं. त्यांना १९२४ साली नोबेल मिळालं. मी हे सगळं हिला वाचून दाखवलं. ही म्हणाली, "मीठ आहे. बादली आणू का?"

रविवारी मुलाचे दोन मित्र आले. त्यांना पक्षी बघायचे होते, म्हणून सगळे भल्या पहाटे कुंभारगावला गेलो. रजिस्टर घरीच राहिलं. पेन सापडत नव्हतं.

उजनीच्या पाण्याने आमच्या तालुक्याची किती गावं गिळली. उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसदेवच्या जुन्या देवळाचं शिखर वर येतं. पण पहाटे नावेत बसल्यावर त्यातलं काही आठवत नाही. धुकं होतं. नावाड्याने मशीन बंद केलं आणि वल्हं हातात घेतलं. समोर उथळ पाण्यात शेदीडशे रोहित, माना खाली घालून. चोच उलटी धरून ते चिखलपाणी गाळून खातात. पाय मात्र चालूच असतात, जागच्या जागी चिखल तुडवत गोल फिरतात, वारीत फुगडीला उभं राहिल्यासारखे. एकाने मान वर केली. मग सगळ्यांनी केली. मग कुणी सांगितल्यासारखा तो पांढरा पट्टा पाण्यावरून पळत सुटला आणि उचलला गेला. पंखांच्या आत दडवलेला लाल रंग तेव्हा दिसतो. मुलाचे मित्र फोटो काढायचे राहिले. नावाडी रोज बघतो, तोही बघत होता.

मग भिगवणला तळलेली चिलापी आणि भाकरी. मी तीन तुकडे खाल्ले. घरी येऊन आठला आडवा झालो तो सहाला उठलो.

सोमवारी परत रजिस्टर सुरू. रविवारच्या रकान्यात 'निरंक' लिहिता येईना, कारण निरंक लिहायलाही मोजावं लागतं. 'कर्मचारी रजेवर' असा शेरा मारला.

गुरुवारी सकाळची एसटी धरली. निमगाव केतकी, अंथुर्णे, आणि मग जंक्शन. आमच्याकडे जंक्शन नावाचं गावच आहे, तिथून वालचंदनगरचा फाटा फुटतो. हृदयातही वरच्या आणि खालच्या कप्प्यांच्या मधे विजेचं एक जंक्शन असतं आणि भलते ठोके कधी कधी तिथूनही सुटतात, हे मुलाने कशाला सांगितलं होतं कुणास ठाऊक. कंडक्टरने "जंक्शनवाले उतरा" म्हणून हाक दिली आणि माझा हात मनगटावर गेला. बेलवाडी आली. तिथे वारीत तुकोबांच्या पालखीचं गोल रिंगण होतं, अश्व धावतो. माझ्या छातीत आषाढ नसताना धावत होता. काटेवाडीला पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण असतं. तोपर्यंत माझ्याही अश्वाची मेंढी झाली होती.

दवाखान्यात आमचा नंबर तेविसावा. बाकावर बसलेल्या प्रत्येकाच्या मांडीवर कापडदुकानाची पिशवी, पिशवीत फाइल, आणि प्रत्येकाची तीन बोटं मनगटावर. बोलत कुणीच नव्हतं. सगळे मोजत होते. शेजारच्या आजोबांनी माझ्याकडे बघून विचारलं, "किती?" मी म्हटलं, "ब्याऐंशी." ते म्हणाले, "माझे पंच्याऐंशी." मी म्हटलं, "जरा जास्तच आहेत." ते म्हणाले, "वय सांगतोय."

आत गेलो. डॉक्टर तरुण, शांत. परत नळी, परत पट्टी, मग सोनोग्राफीसारखं यंत्र फिरवून हृदयाच्या झडपा बघितल्या. झडपा चांगल्या, पंपिंग चांगलं. मी रजिस्टर पुढे केलं. त्यांनी चार पानं चाळली आणि विचारलं, "दिवसाला चहा किती?"

"चार."

"नऊ," ही म्हणाली. "तात्या आले तर अकरा."

मग हिने पिशवीतून कालनिर्णयाचं फाडलेलं पान काढलं आणि टेबलावर पसरलं. चौकटी-चौकटीत 'दूध दीड', 'दूध दोन', 'दूध नाही', आणि गेल्या बुधवारपासून प्रत्येक चौकटीच्या कोपऱ्यात बारीक टिंबं.

"हे काय?" डॉक्टर.

"हे झोपले की मी मनगट धरून बघत होते. घड्याळ लावून दहा मिनिटं. चुकला की एक टिंब."

मी पान बघत राहिलो. बुधवारी माझ्या रजिस्टरला चार होते, तिच्याकडे सात. डॉक्टरांनी रजिस्टर बाजूला सारलं, चष्मा काढला आणि ते पान जवळ ओढून बराच वेळ वाचलं. मग एका चौकटीवर बोट ठेवलं.

"रविवार कोरा आहे. त्या दिवशी एकही नाही?"

"त्या दिवशी भिगवणला पक्षी बघायला गेलो होतो," ही म्हणाली. "रात्री चुकला असेल तर माहीत नाही. मला पण झोप लागली." आणि जरा थांबून, "पान परत द्या हं, दूधवाल्याचा हिशोब राहिलाय."

"चोवीस तासांचं होल्टर लावू," डॉक्टर म्हणाले. "सोबत एक वही असते. काय केलं, काय जाणवलं, वेळ घालून लिहायचं."

वहीचं नाव ऐकताच मी हात पुढे केला. त्यांनी ती हिच्याकडे दिली.